शीशा, माउंट आणि लॅमिनेशन : फ्रेमच्या दुकानातील गैरसमजांविषयी

वडिलांच्या फोटो मढवण्याच्या दुकानात नुकतेच बसू लागलेल्या एका तरुणाने विचारले आहे की, ग्राहक मागतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरेच, आपण सांगतो त्याचाही ते भलताच अर्थ घेतात, त्यातून कधी हसू येते तर कधी वाद होतो. आपल्या अनुभवातले असे गैरसमज कोणते आणि त्यावर काय करावे? माझे दुकान नागपूरच्या महाल भागात आहे आणि त्या गल्ल्यावर मी एकतीस वर्षे बसत आलो आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ग्राहकाचे बोलणे कितीही विचित्र वाटले, तरी त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा त्याने स्वतः पाहिलेले काहीतरी खरे असते. ते काय आहे हे शोधून काढणे हा मापे घेण्याइतकाच आपल्या कामाचा भाग आहे.

पाटीवर ‘फ्रेम’ लिहिले की चष्म्याची दांडी मोडलेली माणसे आत येतात, आणि माझ्या वडिलांच्या काळच्या पाटीवर ‘चौकटी’ हा शब्द होता तेव्हा घर बांधणारे लोक सागवानी दाराच्या चौकटीचा भाव विचारत असत. असे गैरसमज अर्ध्या मिनिटात संपतात. शेजारच्या चष्मेवाल्याचा पत्ता सांगावा, पाणी विचारावे आणि आपल्या कामाला लागावे. खरी अडचण होते ती जेव्हा शब्द दोघांनाही माहीत असतो आणि त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

नागपुरात असा पहिला शब्द म्हणजे ‘शीशा’. आपल्याकडे मराठीत हिंदी इतकी मिसळलेली आहे की, ‘शीशा’ म्हणजे काच आणि ‘शीशा’ म्हणजेच आरसा. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे माहेरची, हाताने कोरलेली सागवानी चौकट होती. कोपऱ्यांत वेली होत्या आणि वरच्या बाजूला दोन पोपट समोरासमोर बसवलेले होते. त्या म्हणाल्या, “याले शीशा लावून द्या जी.” आम्ही चौकट साफ केली, सैल झालेले कोपरे पुन्हा चिकटवले, तीन मिलिमीटरची स्वच्छ काच बसवली आणि फोटो नंतर घालता यावा म्हणून मागचा हार्डबोर्ड मुद्दाम लावला नाही. दुसऱ्या दिवशी नातू चौकट घेऊन परत आला. आजींनी ती भिंतीवर टांगली होती, समोर उभे राहून कुंकू लावायला गेल्या तर त्यांना समोर हिरवा ऑइलपेंट दिसला. आम्ही काच काढून आरसा बसवला आणि काचेचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून दुकानात कोणी ‘शीशा’ म्हटले की आम्ही एवढेच विचारतो, “त्यात फोटो दिसायला हवा की आपण?” या प्रश्नाने ग्राहक हसतो, पण उत्तर मात्र नेमके देतो.

‘माउंट’ हा शब्द याहून अवघड आहे. आपण माउंट म्हणतो तेव्हा फोटोभोवती दिसणारा, मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा आपल्या मनात असतो. स्टुडिओवाले ‘माउंटिंग’ म्हणतात तेव्हा फोटो एखाद्या बोर्डावर चिकटवणे असा त्यांचा अर्थ असतो. ग्राहक हा शब्द एका ठिकाणी ऐकतो आणि दुसऱ्या ठिकाणी वापरतो. त्यातून पुढचा प्रश्न येतो तो आकाराचा. १२ बाय १८ इंचांच्या फोटोला चारही बाजूंनी दोन इंचांचा माउंट दिला की काचेचे माप १६ बाय २२ होते, म्हणजे दीड चौरस फुटांच्या जागी जवळजवळ अडीच चौरस फूट काच लागते. ग्राहक मात्र भिंतीवरचा खिळा १२ बाय १८ धरून ठोकून आलेला असतो. एका गृहस्थांनी तर दोन खिडक्यांच्या मधली जागा मोजून आणली होती आणि माउंट त्यांनी स्वतःच निवडला होता, तरीही तयार फ्रेम पाहून त्यांनी शांतपणे विचारले, “आमचा फोटो वाढला कसा?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना माउंटचा रंग दाखवला होता, पण माउंट लावल्यानंतरचा आकार हातांनी भिंतीवर धरून दाखवला नव्हता. आता मी जुन्या वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा कापून ग्राहकाला घरी देतो आणि तो भिंतीवर चिकटवून पाहायला सांगतो.

आता लॅमिनेशनविषयी, कारण येथे गंमत लवकर संपते. विदर्भात कितीतरी लोक कोणत्याही फोटो मढवण्याला सरसकट ‘लॅमिनेशन’ म्हणतात. आपल्या धंद्यात लॅमिनेशन म्हणजे फोटो एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पाटीवर कायमचा चिकटवणे, वरून पारदर्शक फिल्म दाबून बसवणे आणि कडा घासून रंगवणे. काच नाही, फ्रेमची पट्टी नाही, वजनाला हलके आणि स्वस्त. छापून आणलेल्या देवाच्या चित्रासाठी किंवा पुन्हा प्रत काढता येणाऱ्या मोबाइलच्या फोटोसाठी हे काम उत्तम आहे. पण असा चिकटवलेला फोटो पुन्हा अखंड निघत नाही. मी दुकानात नवा होतो तेव्हा एक बाई सासू-सासऱ्यांचा लग्नातला कृष्णधवल फोटो घेऊन आल्या, जाड कार्डावरचा, खाली स्टुडिओचा उठावाचा शिक्का असलेला. त्या म्हणाल्या, “लॅमिनेशन करून द्या,” आणि मी शब्दशः ते करून दिले. कार्ड जाड म्हणून मागून तासले, त्यात शिक्क्याचा उठाव सपाट झाला. पंधरा दिवसांनी त्यांच्या नणंदबाई आल्या. फोटोच्या मागे त्यांच्या वडिलांच्या हातची तारीख आणि दोन ओळी होत्या, त्या त्यांना पाहायच्या होत्या. त्या ओळी मी तासून टाकल्या होत्या. त्या बाईंना फक्त ‘हा फोटो खराब होऊ नये’ एवढेच म्हणायचे होते आणि त्यासाठी त्यांना ठाऊक असलेला शब्द लॅमिनेशन हा होता. शब्द त्यांचा होता, पण काम माझे होते, त्यामुळे ती चूक मी माझीच मानतो. आज माझ्या दुकानात एकच प्रत असलेल्या जुन्या फोटोला लॅमिनेशन होत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तर आधी त्याची नक्कल काढतो, लॅमिनेशन नकलेचे करतो आणि मूळ फोटो माउंट लावून, काचेपासून दूर ठेवून मढवतो.

काचेपासून दूर का, हेही सांगतो, कारण आमच्याकडे उन्हाळ्यानंतर येणारी सर्वांत मोठी तक्रार हीच असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घराघरांत खसच्या ताट्यांचा कूलर चालतो. कूलरची थंड हवा ओली असते. ज्या भिंतीवर ती सरळ आपटते त्याच भिंतीवर, सोफ्याच्या वर, घरातला सर्वांत मोठा फोटो असतो. जुन्या पद्धतीच्या फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो. ओलाव्याने तो मऊ पडतो, काचेला टेकलेला असला तर तिथेच चिकटतो आणि वाळल्यावर काचेवर चकचकीत डाग दिसू लागतात. एक काकाजी अशी फ्रेम घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, “तुम्ही फोटोले समोरून डिंक काहून लावला?” आमच्या दुकानात काम करणारा मुलगा हसू लागला. मी त्याला थांबवले, कारण काकाजींनी जे पाहिले होते ते बरोबर पाहिले होते. चिकटलेली वस्तू पाहिली की कोणालाही डिंकच आठवणार. मी काच उजेडाकडे तिरकी धरून त्यांना तो डाग दाखवला आणि विचारले, “कूलर कुठे आहे?” त्यांनी काही न बोलता बोट वर केले आणि हवेत कूलरपासून फ्रेमपर्यंत एक रेघ ओढली. अशा वेळी फोटो ओढून काढू नये, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट त्याचा चांगला फोटो काढून घ्यावा, त्याची प्रत बनवावी आणि मूळ फोटो आहे तसा जपावा. नव्या फ्रेममध्ये माउंट किंवा काचेच्या कडेने बारीक पट्टी घालावी म्हणजे मध्ये हवेची जागा राहते. माउंट शोभेसाठी असतो असा बहुतेकांचा समज आहे. त्याचे पहिले काम ही जागा ठेवणे हे आहे, हे ग्राहकाला सांगितले की त्याचे पैसे त्याला जड वाटत नाहीत.

मापांचे गैरसमज अनंत आहेत, त्यातले दोनच सांगतो. शिंप्याच्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. एका ग्राहकाने फोनवर ‘३० बाय ४५’ माप दिले, आम्ही इंच समजलो आणि पावणेचार फूट उंचीची रिकामी फ्रेम तयार केली. ते गृहस्थ स्कूटरवर, मागे मुलाला बसवून, ती न्यायला आले होते. ३० बाय ४५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ बरोबर १२ बाय १८ इंच, आणि हे माप इतके नेहमीचे आहे की तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. दुसरा गैरसमज प्रमाणपत्रांचा. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण सव्वाआठ बाय पावणेबारा इंचांचा असतो आणि तयार मिळणारी सर्वसाधारण फ्रेम ८ बाय १० ची असते. ग्राहक म्हणतो, थोडेच तर जास्त आहे, कापून टाका. कृपया कापू नका. एका वडिलांनी मुलीचे प्रमाणपत्र घरीच कात्रीने कापून बसवून पाहिले होते आणि खालच्या कडेला असलेला अनुक्रमांक त्या कापलेल्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेला होता.

भावाविषयीही गैरसमज असतो, आणि तो आपण सहसा समजावून सांगत नाही म्हणून टिकतो. ग्राहकाला वाटते की फोटो तोच असेल तर पट्टी अरुंद घ्या की रुंद, लांबी सारखीच लागणार. तसे होत नाही. चारही कोपरे ४५ अंशांत कापावे लागतात, म्हणून फोटोच्या घेराला पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी लागते. १२ बाय १८ चा घेर ६० इंच. एक इंचाच्या पट्टीला ६८ इंच लागतात, तर तीन इंचांच्या पट्टीला ८४ इंच, म्हणजे सात फूट. मी हे पट्टीचे दोन तुकडे काउंटरवर कोपऱ्यात जुळवून दाखवतो. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किती लांब आहे हे डोळ्यांनी दिसले की पुढे घासाघीस होत नाही.

आमच्या हातून झालेला एक गोंधळ नागपूरचाच म्हणावा असा आहे. दसऱ्याच्या दोन आठवडे आधी इंदोऱ्याहून एका बाईंचा फोन आला, “बावीस प्रतिज्ञांची फ्रेम पाहिजे, १२ बाय १८.” १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या मढवून घरात लावण्याची येथे जुनी पद्धत आहे. फोन घेणारा मुलगा नवा होता. त्याने चिठ्ठीवर लिहिले, ‘प्रतिज्ञा, २२, १२ बाय १८’. कारागिरांनी दोन दिवस बसून बावीस फ्रेमा तयार केल्या आणि त्या दुकानाच्या मागच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या. बाई आल्या, त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, प्रतिज्ञा बावीस आहेत, घर माझं एकच आहे.” उरलेल्या एकवीस फ्रेमांची मला चिंता होती, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यामुळे त्या खपल्या, फक्त रेल्वेने गावाकडे जाणाऱ्यांना काच नको असते म्हणून आम्ही सगळ्यांची काच काढून अॅक्रिलिक बसवले. तेव्हापासून आमच्या पावतीपुस्तकात ‘नग’ हा रकाना वेगळा छापलेला आहे.

हाराचा प्रसंग मी अजूनही जपून सांगतो. एक तरुण वडिलांचा १२ बाय १५ चा फोटो देऊन गेला. “बाबांचा आहे, चांगला बनवा, रविवारी घरी कार्यक्रम आहे,” एवढेच तो बोलला. पांढरा सदरा, मागे निळा पडदा, समोर पाहणारा गंभीर चेहरा. असे फोटो आमच्याकडे कशासाठी येतात हे इतके ठरलेले आहे की, कारागिराने सोनेरी पट्टी लावली आणि दुकानातर्फे द्यायचा चंदनाचा हारही घालून ठेवला. शनिवारी संध्याकाळी फ्रेम न्यायला बाबा स्वतः आले. कार्यक्रम त्यांच्या पंचाहत्तरीचा होता. मला शब्द सुचेना. त्यांनी हार अलगद काढला, काउंटरवर नीट गोल करून ठेवला आणि म्हणाले, “फोटो छान झाला. हे मात्र पोरांना त्यांच्या वेळेवर आणू द्या जी.” त्यांचा मोठेपणा म्हणून प्रसंग निभावला, पण दुसरा माणूस दुखावला गेला असता, आणि योग्यच असते. मृत्यूविषयी ग्राहकाला थेट विचारता येत नाही. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, “फोटो कुठे लावणार आहात?” देवघराशेजारी, हॉलमध्ये, ऑफिसात की भेट द्यायचा आहे, हे कळले की बाकीचे आपोआप कळते. हार आता कपाटात असतो आणि मागितल्यावरच निघतो.

इतवारी आणि महालातील जुन्या वाड्यांमधून येणाऱ्या चित्रांविषयी थोडे लिहायला हवे. आजोबांनी घेतलेले ‘राजा रवी वर्मांच्या हातचे’ चित्र म्हणून लोक लक्ष्मी किंवा सरस्वती घेऊन येतात. रवी वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तेथून ही चित्रे घरोघरी गेली. त्यामुळे खाली नाव असते ते खरेच असते आणि चित्र मात्र छापील असते. भिंगातून पाहिले की रंगाचे बारीक ठिपके दिसतात. हे सांगताना ग्राहकाचा चेहरा उतरतो, म्हणून मी आधी भिंग त्याच्याच हातात देतो आणि शंभर वर्षे टिकलेला छापही जपण्यासारखा आहे हे मनापासून सांगतो. अशा काही चित्रांत देवीच्या पदरावर जर आणि टिकल्या लावलेल्या असतात. एका सूनबाईंनी मला “हा कचरा खरवडून स्वच्छ करा” असे सांगितले होते. मी एक टिकली बोट न लावता चिमट्याने किंचित उचलून खालचा टाका दाखवला. त्यांच्या आजेसासूबाईंनी दुपारी बसून ते शिवले असावे, असे त्या स्वतःच म्हणाल्या. मग आम्ही काच चित्रापासून अर्धा इंच वर उचलून बसवली, म्हणजे टिकल्या दबणार नाहीत, आणि छापखान्याचे नाव असलेली खालची कड माउंटखाली न लपवता मोकळी ठेवली.

शेवटी तुमच्या प्रश्नातल्या हसण्याविषयी. दुकान बंद झाल्यावर आपसात हसायला माझी हरकत नाही, पण ग्राहक समोर असताना हसू नये असे मी आमच्या मुलांना सांगतो. त्याचे कारण काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारामुळे मला कळले. त्यांनी बहिणीच्या लग्नाचा मढवलेला फोटो आणला होता. डाव्या कडेला त्यांचा थोरला भाऊ उभा होता आणि तो अर्धाच दिसत होता. एक खांदा, एक हात आणि अर्धा फेटा. ते म्हणाले, “याले जराशी मोठी फ्रेम करा, म्हणजे भाऊ पुरा येईल.” आमचा मुलगा आत जाऊन हसला. फ्रेम मोठी केल्याने फोटोतला माणूस कसा पुरा येईल, हे मी त्यांना सांगणारच होतो. पण ते पुढे म्हणाले, “आमच्या आबाच्या फोटोत तसंच झालं होतं. नवी फ्रेम केली अन् काठी दिसली.” मी बोललो नाही. फ्रेम उलटी केली, गंजलेले खिळे पकडीने एकेक काढले, हार्डबोर्ड उचलला. पट्टीची खाच फोटोची कड पाव इंच झाकते, हे मला ठाऊक होते. पण ज्याने ती फ्रेम बनवली होती त्याने फोटो मापात बसावा म्हणून डावी कड मागे दुमडून टाकली होती. मी ती दुमड ओल्या बोटाने नव्हे, कोरड्या टीपकागदाखाली हळूहळू उलगडली. घडीची पांढरी रेघ भावाच्या छातीवरून गेलेली होती, आणि रेघेच्या पलीकडे त्याचा दुसरा खांदा होता, पूर्ण फेटा होता, आणि त्याने हातात धरलेला एक लहान मुलगा होता. बागायतदारांनी फोटो उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, “हा मी आहो.”